पाठीवरची सॅक

बावीस वर्षं मी आमच्या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या बंधुमंडळाचा, सल्लागार आहे. ओहायोतल्या ह्या कॉलेजच्या गावात मी लोकांचे दात काढतो आणि उरलेल्या वेळात पोरांना अक्कल शिकवतो. रॅगिंग बंद करावं की नाही, यावर इतक्या बैठकांना बसलोय की भाषणं पाठ झाली आहेत. एक माजी सभासद उठतो, "आम्हीही सोसलं, आम्हाला काय झालं?" दुसरा म्हणतो, "त्यामुळेच तर भाऊ झालो." मग नियमांचा कागद निघतो, सगळे सह्या करतात आणि सप्टेंबरात नवी पोरं आली की ये रे माझ्या मागल्या.

यंदा नव्या पोरांतला एमेट स्ट्रँड मेला. अठरा वर्षांचा होता.

आमच्यात नव्या पोराला वरच्या वर्गातला एक थोरला भाऊ मिळतो आणि थोरल्याकडून व्हिस्कीची बाटली. ती एका बैठकीत संपवायची. पोरगा आडवा झाला की पुस्तकांनी भरलेली सॅक त्याच्या पाठीवर बांधून कुशीवर निजवायचं. म्हणजे तो उताणा होत नाही, ओकारी घशात अडकत नाही. ही युक्ती मीच शिकवली. माझ्या वेळी माझ्याबरोबरच्या ड्वेनला असंच निजवलं होतं. सकाळी उठून त्याने चार अंडी खाल्ली. तेवढ्या चार अंड्यांच्या भरवशावर मी दर वर्षी पोरांना सांगत आलो, सॅक बांधा.

मंगळवारी सकाळी दहाला कोल्बी रस्क चौकशी समितीसमोर उभा राहिला. वीस वर्षांचा, आमचा अध्यक्ष, वडिलांचा कोट घालून आलेला. त्याला कॉलेजातून काढणार हे दिसतच होतं; पुढे तुरुंगही असेल. एमेटची आई पहिल्या रांगेत होती. मी भिंतीपाशी.

"ॲम्ब्युलन्स का नाही बोलावलीस?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"सॅक बांधली होती, मॅडम. सॅक असली की काही होत नाही."

"असं कोण म्हणालं?"

"असंच चालत आलंय."

"कुणाला विचारलंस तरी?"

"नाही, मॅडम. कुणालाच नाही."

साफ खोटं. त्या रात्री कोल्बीने मला फोन केला होता. "डॉक, एमेट हाका मारल्या तरी उठत नाहीये. दवाखान्यात नेऊ का?" मी अर्धवट झोपेत होतो. म्हणालो, "सॅक बांधलीये ना? मग झोपा मुकाट्याने." हे आम्हा दोघांनाच ठाऊक. भावाने भावाचं नाव घ्यायचं नाही, ही शपथही मीच त्याला घातली होती.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. शरम वाटली म्हणायला हवं, पण खरं सांगतो, आधी आला तो ह्या सगळ्याचा कंटाळा.

"त्याने मला विचारलं होतं," मी उठून म्हणालो. "मी नको म्हणालो."

"डॉक, बसा ना! कशाला उगाच?" कोल्बी पुटपुटला.

"पुरे झालं, पोरा."

एमेटची आई उठली. मला वाटलं, थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं वाटलं असतं. ती कोल्बीपाशी गेली.

"तू फोन केला होतास?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे तुला काळजी वाटली होती त्याची."

कोल्बी मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. ती त्याच्या शेजारी फरशीवर टेकली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"फोन ठेवल्यावर झोप लागली तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो. "लगेच."