दाण्याची खूण

उद्यमनगरातल्या आप्पासोंच्या कारखान्यात विहिरीवर बसवायची तेलाची इंजिनं तयार व्हायची, आणि अंबादास मेस्त्रीचा हात फिरल्याशिवाय त्यातलं एकही दाराबाहेर पडत नसे. असं अंबादास स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. पण ते खोटं नव्हतं. लेथवर कातलेले भाग काही मुकाट्यानं एकमेकांत बसत नाहीत, त्यांची सोयरीक जुळवावी लागते. अंबादास क्रँकच्या पिनाला पॉलिश कागद मारायचा. त्या पिनावर बसणाऱ्या बेअरिंगच्या दोन फाका घासून, खरवडून, कुठं टेकतंय ते नीळ लावून बघायचा, आणि पुन्हा खरवडायचा. पिन असा फिरला पाहिजे की आपण कशात फिरतोय हे त्यालाही कळू नये. मग तो खिशातून स्वतः घडवलेला पोलादी ठसा काढून इंजिनाच्या पायाशी ठोकायचा. जोंधळ्याच्या दाण्याएवढी खूण उमटायची.

त्या दाण्याला मान होता. राधानगरीपासून कागलपर्यंतचे बागायतदार इंजिन घ्यायला आले की आधी वाकून पायाशी बोट फिरवत. इंजिन बिघडलं तरी त्यांना अंबादासच लागे, कारण एका इंजिनाचं बेअरिंग दुसऱ्याला बसत नसे. मग मेस्त्री पिशवी घेऊन खेड्यात जाई, पाटावर बसून कोंबड्याचा रस्सा ओरपी, इंजिन दुरुस्त करी आणि गुळाची ढेप खांद्यावर टाकून परत येई. गावच्या जावयाचा एवढा थाट नसेल. त्याचा हात काढून घेतला असता तर मागे एक पगारी मिशीवाला गडी तेवढा उरला असता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नेमकं तेच करायला आप्पासोंचा धनपाल पुण्याहून शिकून आला.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात रोज काही ना काही बदलत होतं आणि अंबादासला त्यातलं काही विशेष टोचलं नव्हतं. हे मात्र टोचलं. धनपाल पोरगा वाईट नव्हता. बोलायला गोड, कामाला वाघ. त्यानं टेबलावर घोड्याच्या नालासारखं एक पोलादी माप ठेवलं. त्याच्या एका तोंडातून पिन आत गेला पाहिजे, दुसऱ्या तोंडातून जाता कामा नये. बेअरिंग तपासायला तसाच एक पोलादी दांडा. बस्स, एवढंच.

"मेस्त्रीकाका, ह्या मापात उतरलेला पिन कुठल्याबी बेअरिंगात बसंल," धनपाल म्हणाला. "घासायचं काम संपलं. एखाद्याचं बेअरिंग गेलं तर फडताळातनं नवं काढून द्यायचं. त्याचं त्यानं घरी बसवावं. तुमची वाट बघत मळा वाळायला नको."

"म्हंजे इंजिनाला आता माणूस नगो," अंबादास म्हणाला. "ह्ये माप हाय का पंचांग रं? बघायचं आनि लगीन लावायचं!"

सगळा कारखाना हसला. धनपालही हसला, आणि त्याच्या हसण्यानंच अंबादासचं पित्त जास्त खवळलं. आपल्या बोलण्यानं ज्याला राग येत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

आप्पासो दारातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी अंबादासला जवळ बोलावलं. "हे बग, एवढा उनाळा पोराचं ऐकून बगू. पिनाला कागद लावायचा न्हाय, दाणा मारायचा न्हाय. जमलं तर जमलं, न्हाईतर त्याची मापं भंगारात. माझा शबुद."

तेव्हापासून अंबादासच्या हातांना चैन पडेना. कारखान्यात तो नुसता बोल्ट आवळत राहायचा. घरी आला की दिसेल ते घासायला घ्यायचा. आधी कडी, मग विळीचं पातं, मग पाणी प्यायचा तांब्या.

"अवं, सोडा त्यो तांब्या," त्याची बायको चिमणाबाई ओरडायची. "भोक पडलं म्हंजे पानी काय वंजळीनं प्यायचं?"

तो तांब्या ठेवायचा आणि उठून दारापर्यंत जाऊन परत यायचा. पुन्हा तांब्याच हातात घ्यायचा.

अशात एक दिवस कागलकडून तानाबाई आली. नवरा गेल्यापासून मळा ती एकटीच सांभाळत होती, आणि तिच्यापुढं आवाज चढवायची गावात कुणाची टाप नव्हती. ती इंजिन न्यायला आली होती. तिनं आधी वाकून पायाशी बोट फिरवलं.

"दाणा कुठं हाय?"

धनपालनं तिला सगळं नीट समजावून सांगितलं. माप दाखवलं, फडताळ दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मान वळवून अंबादासकडं पाहिलं. "मेस्त्री, म्या बैलं इकून आलोय. मोट मोडून टाकलीया. ती काय ह्या नालाच्या जिवावर न्हाय, तुमच्या हातावर."

अंबादासच्या छातीत काहीतरी गरम झालं. त्या क्षणी तिनं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी त्यानं मारली असती.

दुपारी सगळे भाकरी खायला सावलीत गेले तेव्हा तो मागं राहिला. त्यानं तानाबाईच्या इंजिनाचं बेअरिंग सोडलं आणि पिनाला कागद लावला. किती दिवसांनी हात खऱ्या कामाला लागले होते! पिन आरशागत लकाकायला लागला तरी त्याला थांबवेना. तितका पिन बारीक झाला. मग त्यानं बेअरिंगच्या दोन्ही फाका कानशीनं घासून जवळ आणल्या, खरवडल्या आणि त्या पिनावर अशा बसवल्या की वा! एका इंजिनानं असं काय बिघडतंय, त्यानं स्वतःला सांगितलं. दाणा मात्र पायाच्या खालच्या अंगाला मारला, धनपालच्या नजरेला पडणार नाही असा. गाडीत इंजिन चढवताना तो तानाबाईच्या कानाशी पुटपुटला, "तानाक्का, खालच्या अंगाला हाय." ती गालात हसली.

वैशाखात ऊन नुसतं भाजून काढत होतं. एका सकाळी तानाबाईचा पुतण्या बाळासो धापा टाकत कारखान्यात आला. त्याच्या हातात चिंधीत गुंडाळलेलं बेअरिंग होतं. तेलाची वाट तुंबली होती आणि बेअरिंग जळून गेलं होतं.

"मिरचीची रोपं नुस्ती आत्ता लावल्याती," तो म्हणाला. "पानी चुकलं की गेली."

धनपालचा चेहरा खुलला. याच दिवसाची तो वाट बघत होता. त्यानं फडताळातून नवं बेअरिंग काढलं, मापाच्या दांड्यावर बसवून बाळासोला दाखवलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "मेस्त्री न्यायची गरज न्हाय. बसवायचं आनि इंजिन सुरू करायचं. जेवायच्या आत पाटाला पानी."

अंबादास शेजारच्याच टेबलाशी उभा होता. त्याच्या हातातला पाना थांबला. ते बेअरिंग बसणार नव्हतं. मापाच्या पिनासाठी केलेलं बेअरिंग त्याच्या बारीक केलेल्या पिनावर ढिलं होणार, इंजिन ठोके देणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. पण मग आप्पासोंनी काय म्हटलं असतं? चार माणसांत धनपालनं कसं बघितलं असतं? आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनाच्या एका कोपऱ्याला ते बेअरिंग बसायलाच नको होतं. बाळासो निघून गेला आणि वाक्य घशातच राहिलं.

दिवसभर त्याला धड काही सुचलं नाही. दोनदा बोट कापून घेतलं. संध्याकाळी रंकाळ्यावर गेला, बसला, लगेच उठला. घरी ताटावर बसला तर घास फिरायला लागला.

"काय सलतंय तुमास्नी?" चिमणाबाईनं विचारलं.

"काय न्हाय. तांब्या कुठं ठेवलास?"

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडतोय तोच बाळासो परत दारात. डोळे तांबारलेले, पिशवीत तेच बेअरिंग. "घण घातल्यागत ठोकतंय इंजिन. पाया उखडंल म्हून बंद केलं. तानाक्कानं कालपास्नं कळशीनं पानी घालाय सुरुवात केलीया."

धनपालनं बेअरिंग मापाच्या दांड्यावर बसवलं. बरोबर होतं. पुन्हा बसवलं. तरी बरोबरच. तो एकदा मापाकडं, एकदा बेअरिंगाकडं बघायचा, आणि पोराच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. "असं कसं हुतंय?" तो स्वतःशीच म्हणाला. "असं व्हायला नको."

आप्पासो खुर्चीतून उठले. "झालं तुझं? ते माप टाक भंगारात. अंबादास, पिशवी घे. जा त्या बाईकडं."

जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं, असा अंबादासचा आजवरचा समज होता. त्यानं पिशवी उचलली. कानस, खरवडायची पत्री, निळीची डबी, सगळं आत टाकलं. धनपाल अजून ते बेअरिंग हातात घेऊन उभा होता. अंबादासनं त्याच्या हातातून ते घेतलं, पण वर बघितलं नाही.

कागलची एस.टी. त्या दिवशी बैलगाडीच्या चालीनं चालली होती, निदान त्याला तसं वाटलं. ती जिथं तिथं थांबे आणि तो जिथं तिथं उठून उभा राही. कंडक्टर म्हणाला, "पावणं, बसा की. तुमी हुबं ऱ्हायल्यानं गाडी पळणार हाय व्हय?" तो बसला आणि पुन्हा उठला.

मळ्यात पाय ठेवला आणि त्याला पुढं बघवेना. सरीसरीला मिरचीची रोपं मान टाकून पडली होती. विहिरीच्या बाजूच्या थोड्या सऱ्या तेवढ्या ओल्या होत्या. तिथं तानाबाई आणि दोन बाया कळशा वाहत होत्या. तानाबाईनं त्याला बघितलं आणि कळशी खाली ठेवून हात जोडले. "आलासा! सुटलो बगा."

तो सरळ इंजिनापाशी जाऊन बसला. बेअरिंगच्या फाका कानशीला लावल्या. घासायचं, बसवायचं, नीळ लावून बघायचं, काढायचं, खरवडायचं. घाई करून चालत नाही या कामात. पाठीवर ऊन पडलेलं, समोर रोपं वाळताहेत, आणि कानशीचा प्रत्येक फेर त्याला कुणीतरी खांद्यावर चापट मारल्यासारखा लागत होता. पिन घासलाच नसता तर हे सगळं काल दुपारीच आटपलं असतं. बाळासोनं एकट्यानं आटपलं असतं. बाया भाकरी घेऊन आल्या. त्यानं हातानंच नको म्हटलं.

ऊन कलताना इंजिन सुरू झालं. एक ठोका नाही. पाण्याचा लोट पाटात पडला आणि बाया ओरडल्याच. बाळासोनं तेलाच्या टाकीवर थाप मारली. "त्या शिकलेल्या पोराचं काय खरं न्हाय बगा. शेवटी मेस्त्रीच!"

तानाबाई पदरानं तोंड पुसत आली. "म्या तवाच म्हनलोतो. हात त्यो हात." तिनं इंजिनाच्या पायाच्या वरच्या अंगाकडं बोट केलं. "आता ह्याच्यावरबी दाणा मारा. आनि खालच्या विहिरीला दुसरं इंजिन घ्यायचं हाय, त्याला आत्तापास्नं हात लावून ठेवा."

अंबादासनं खिशात हात घातला. ठसा बोटांना लागला. तो त्यानं बाहेर काढला, जरा वेळ तळहातावर ठेवला आणि पुन्हा खिशात टाकला.

"न्हाय, तानाक्का."

"का वं? काय चुकलं आमचं?"

"तुमचं न्हाय." अंबादास म्हणाला. "पोराचं बेअरिंग बरोबर हुतं. पिन म्या घासलाय. तुमी दाणा मागितलासा, तवा गुपचूप घासला. पिन बारीक झाला म्हून नवं बेअरिंग ढिलं पडलं. हात लावला नसता तर काल पानी सुरू झालं असतं."

इंजिन चालत होतं. बाळासोनं टाकीवरचा हात काढून घेतला. आता तानाबाई भडकणार, शिव्या देणार, असं अंबादासला वाटलं, आणि तिनं द्याव्यात असंही वाटलं.

"माझ्यासाटीच घासलासा न्हवं," ती म्हणाली. "दाणा मागितला तर म्याच हुता. त्ये असूं दे." मग तिची नजर वाळलेल्या सऱ्यांवरून फिरत आली आणि त्याच्यावर थांबली. "पर काल बाळासो बेअरिंग न्याय आला, तवा तुमी तितंच हुतासा?"

"व्हय."

"बसणार न्हाय ह्ये ठावं हुतं?"

"व्हय."

"मग कालच का न्हाय बोललासा?"

धनपालचं, आप्पासोंचं, दाण्याचं, मानाचं असं काही काही जिभेवर आलं, पण त्यातलं एकही या बाईपुढं बोलण्याजोगं नव्हतं. "उद्या आप्पांच्या म्होरं सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यांच्या म्होरं सांगतो."

"त्ये तुमचं तुमी बगा." तिनं जमिनीवरची कळशी उचलून त्याच्यापुढं धरली. "वरच्या सऱ्यांवर पाट चढत न्हाय. त्यातली काय रोपं अजून जित्ती असतील."

अंबादासनं कळशी घेतली. पाटात बुडवून भरली आणि वरच्या सरीला जाऊन बसला. एकेका रोपाची मान बोटानं वर करून तो त्याच्या बुडाशी पाणी सोडायला लागला. काही रोपं उभी राहत होती, काही बोट काढलं की पुन्हा पडत होती. कळशी संपली की तो उठून पाटापर्यंत जात होता आणि भरून परत येत होता. बाळासो शेवटची एस.टी. चुकेल म्हणून हाका मारत होता. तानाबाईनं त्याला गप्प बस म्हणून खूण केली आणि दुसरी कळशी घेऊन ती पलीकडच्या सरीत उतरली.