बटणावरचे कुंकू

तात्यारावांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि बटण पुन्हा एकदा पुसून पाहिले. वरचे कुंकू निघाले होते. ऐंशी वर्षांच्या जुन्या बेकेलाइटच्या प्लॅस्टिकला गेलेल्या बारीक चिरेत मात्र लाल रेघ तशीच होती. बटण सुपारीएवढे, हातात धरायच्या मुठीच्या टोकाला बसवलेले. मुठीतून निघालेली वायर समोरच्या काळ्या पेटीत जात होती आणि पेटीवर सोळा खटके होते. लढाईत विमानाच्या नाकात पालथा पडलेला माणूस हे खटके लावून ठेवी, आणि लक्ष्य नेमके खाली आले की अंगठ्याने बटण दाबून बाँब सोडी.

काल खंडेनवमी होती. पुण्याच्या कारखान्यात तात्यारावांनी चाळीस वर्षे विमानांची घड्याळे आणि मापके दुरुस्त केली होती, आणि त्यातली एकही खंडेनवमी हत्यारे पुजल्याशिवाय गेली नव्हती. निवृत्तीनंतर ते मुलाकडे, अनुपकडे, ख्राइस्टचर्चला आले. गेली तीन वर्षे आठवड्यातून दोन दिवस ते या विमान संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये बिनपगारी येत. काल इथे कोणी नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रावर पाने, पकडी, मीटर ओळीने मांडले. झेंडू कुठला मिळणार, म्हणून फाटकाजवळच्या कोवाईच्या झाडाची पिवळी फुले वाहिली. पत्नीने, शैलाबाईंनी, पुडीत बांधून दिलेले कुंकू घेऊन बोट एकेका हत्यारावरून पुढे सरकत गेले. ओळीच्या शेवटी ही मूठ पडली होती. बोट तिच्यावरही टेकले. ते त्यांच्या ध्यानात आले आज सकाळी.

वर्कशॉपचा नियम एकच होता, जुन्या वस्तूला नवे काही लावायचे नाही. मागच्या वर्षी एकाने पोपडे आलेल्या तबकडीला हौसेने रंग दिला होता. तो आता फाटकावर तिकिटे फाडतो. त्यात ही पेटी संग्रहालयाची नव्हतीच. ॲलिसन नावाच्या बाईंनी वडिलांची आठवण म्हणून जपलेली ती पेटी दोन वर्षांसाठी दिली होती, आणि कायमची द्यायची की परत न्यायची, हे त्या आज अकराला येऊन ठरवणार होत्या.

फळीवर काळ्या मेणाची डबी होती. चिरेत टिपूसभर भरले असते तर कोणाला कळले नसते. तात्यारावांनी डबी उचलली, झाकण उघडले, पुन्हा लावले. मग ते वर्कशॉपच्या मुख्याकडे, रॉसकडे गेले.

रॉसने सगळे ऐकून घेतले. एरवी अंगावर चहा सांडला तरी तो "स्वीट ॲज", म्हणजे काही बिघडले नाही, असे म्हणे. आज म्हणाला नाही.

"टाट्या, एवढ्या वस्तूंत तुला हीच सापडली?"

"ओळीत होती."

"त्यांना तूच सांग. मग त्या ठरवतील, आणि मी ठरवीन."

बेल वाजली. काचेच्या दारापलीकडे ऐंशीच्या घरातल्या बाई कोपराने बेल दाबत उभ्या होत्या. हातात सामान असेल असे तात्यारावांना वाटले. हात रिकामे होते.

तात्यारावांनी बाईंना आडपडदा न ठेवता सांगितले. ज्या हत्यारांवर पोट भरते त्यांची वर्षातून एकदा पूजा करायची, त्या दिवशी ती वापरायची नाहीत, आणि हे चुकून झाले. बाई स्टुलावर बसल्या. मूठ त्यांनी उजेडाकडे धरली.

"ज्यावर पोट भरतं त्याची पूजा?"

"हो."

बाईंनी पर्समधून रुमाल काढला, टोक जिभेने ओले केले आणि नखाने चिरेत घालून लाल रेघ काढू लागल्या. मुलाच्या तोंडाला लागलेला जॅम पुसावा तशा, घाई न करता. स्पिरिटने जे निघाले नव्हते ते निघाले.

"आमच्या बाबांचं पोट मेंढ्यांवर भरलं," त्या म्हणाल्या. "लोकर कापायची कात्री आहे घरी. ती आणून देते, तिची करा."

रॉस हसला. तात्यारावांनी मान हलवली.

डाग आत ठेवून रुमालाची घडी झाली आणि तो पर्समध्ये गेला. मग बाईंनी कोणी न विचारता सांगितले की बाबांनी लढाईवरून परत आल्यावर कधी अंगठ्याने बटण दाबले नाही. बेल, दिवा, सगळे कोपराने. आम्हा मुलांनाही तीच सवय लागली. आम्हाला वाटायचे, हाताला मेंढ्यांचे तेल असते म्हणून.

तात्यारावांनी पेटीला सोळा छोटे दिवे जोडले होते, एका बाँबच्या जागी एक. बटण तुम्ही दाबणार का, असे रॉसने विचारले.

"यांना दाबू दे," बाई म्हणाल्या. "मला बघायचंय."

तात्यारावांनी मूठ धरली. बटणाला अंगठ्याच्या आकाराचा खळगा पडला होता. त्यांचा अंगठा त्यात नीट बसला. त्यांनी दाबले. पेटीत टकटक करत काटा फिरला आणि दिवे एकामागून एक लागले. बाई ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.

"इतकंच?"

"इतकंच."

बाईंनी रॉसकडून कागद मागून घेतला आणि पेटी कायमची दिल्याच्या ओळीखाली सही केली. रॉसने नोंदवही तात्यारावांपुढे सरकवली. काय लागले आणि कोणी काढले ते स्वतःच्या अक्षरात लिही, म्हणाला, आणि शुक्रवारी लवकर ये, कंपास उघडायचाय.

संध्याकाळी निघताना तात्याराव दारापाशी आले. दार उघडायला आतल्या बाजूला हिरवे बटण होते. त्यांनी हात वर नेला. अंगठ्याच्या नखात अजून थोडे कुंकू होते.

हात खाली घेऊन त्यांनी कोपर पुढे केले.