सतराव्या ओळीतला अधिकारी

परदेशात, लिमरिकच्या विद्यापीठात स्वरूपा पीएचडी करत होती. आफ्रिकेतल्या एका देशात माजी राष्ट्राध्यक्षांच्या काळात पोलिसांचं नेतृत्व कुठल्या जमातींच्या हाती होतं, हा तिचा विषय. राष्ट्राध्यक्ष डोंगरी भागातले. जुनी राजपत्रं चाळून तिने अडतीस जिल्हा पोलीस प्रमुखांची यादी केली आणि आडनावं बघून प्रत्येकापुढे जमात लिहिली. एकतीस जण डोंगरी निघाले.

यादीतला एक जण लिमरिकमध्येच राहत होता. सायमन तेबारो, वय एकसष्ट, आता एका वृद्धाश्रमात कामाला. गुरुवारी दुपारी विद्यापीठाच्या कॅफेत तिने त्याला यादी तपासायला दिली. वाचता वाचता त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"हे कोणी पाहिलंय?"

"माझ्या गाइडने. रिपोर्टबरोबर चार वाजता विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाईल."

त्याने सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. "पीटर तेबारो. माझा धाकटा भाऊ. अजून नोकरीत आहे. तुम्ही डोंगरी लिहिलंय. आम्ही डोंगरी नाही, तळ्याकाठचे."

"पण आडनाव तर..."

"घेतलेलं आहे. ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाला, तळ्याकाठच्या आडनावाने हवालदार म्हणूनच मरशील. मग मामीच्या माहेरचं लावलं. मागून भावानेही."

"ठीक आहे, मी दुरुस्त करते."

"करा ना. वीस वर्षं तो खोटं बोलला, हे त्याच्या डोंगरी सहकाऱ्यांना कळेल, आणि ते त्याला सोडणार नाहीत. नाही केलंत, तर आत्ताचं सरकार डोंगरी अधिकारी हुडकून घरी पाठवतंय. त्यातले सगळे घरी पोचत नाहीत."

पुण्यात भाड्याचं घर बघायला गेलं, की घरमालक आधी आडनाव विचारायचा आणि स्वरूपाचे बाबा उत्तर द्यायला क्षणभर थांबायचे. ते बघत वाढलेली ती. तरी यादी करताना एकदाही थबकली नव्हती.

तिने गाइडला, मोराला, फोन लावला. मोरा दुसऱ्या शहरात, गॉलवेला गेली होती, उचलेना. मग वेबसाइट सांभाळणाऱ्या गिरीशला लावला.

"गिरीश, माझा रिपोर्ट थांबव."

"अगं, तो गेलासुद्धा. हातात वेळ होता, तीनलाच टाकला. ऑल ग्रँड, काही काळजी नको."

"काढ. आत्ताच्या आत्ता."

"मोराची मेल लागेल गं, मी असं कसं..."

"माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

पलीकडे कीबोर्ड वाजला. "काढला. चोवीस मिनिटं होता. अकरा जणांनी उघडलाय."

"कुठून?"

"नऊ इथलेच."

"आणि दोन?"

गिरीशने सायमनच्या देशाचं नाव घेतलं.

सायमनला हे सांगायलाच हवं होतं असं नाही. काढला, एवढं म्हणून भागलं असतं. तिने सगळं सांगितलं. तो बाहेर पार्किंगमध्ये गेला आणि एका गाडीला टेकून भावाशी बराच वेळ फोनवर बोलत राहिला. काचेतून तिला फक्त त्याचा हलणारा हात दिसत होता.

त्याच संध्याकाळी पीटरने बायको-मुलांना गाडीत घातलं आणि सीमा ओलांडली.

स्वरूपाने रिपोर्टमधली नावं काढायचं ठरवलं. नावं नसतील तर यादी तपासायची कशी, असं मोरा चिडून म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. स्वरूपाने फक्त आकडे ठेवले, आडनावावरून जमात ठरत नाही असं एक प्रकरण नव्याने लिहायला घेतलं. त्यात सहा महिने गेले.

त्यातले पहिले चार महिने सायमनने तिचा फोन घेतला नाही, नव्या प्रकरणाबद्दलचे तिचे मेसेज मात्र वाचले. मग एके दिवशी स्वतःहून केला.

"मुलं शाळेत जायला लागली. पीटर एका गोदामावर पहारेकरी आहे. त्याचा तुमच्यावर राग आहे."

"आणि तुमचा?"

"आहे," तो म्हणाला. "पण ते प्रकरण माझ्याशी न बोलता लिहाल तर पुन्हा चुकाल. शनिवारी या. आमचं नाव मात्र कुठेही घालायचं नाही."