वुकानची राकिया

शरदातले सामने संपले तेव्हा आमचा क्लब दुसऱ्या क्रमांकावर होता आणि बहुतेक गोल वुकानचे होते. वरच्या विभागात जायचं तर वसंतातही तो हवाच होता. बेलग्रेडच्या एका क्लबने त्याला बोलावलं, तेव्हा तो मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "उन्हाळ्यापर्यंत मी कुठे जात नाही." लहानपणी चेंडू पायाशी कसा थोपवायचा ते त्याला मीच शिकवलं. आजही मी मुलांनाच शिकवतो.

नाताळानंतर मैदानाशेजारच्या खानावळीत वुकानने सगळ्यांना राकिया, आमची फळांची कडक दारू, पाजली. आमच्याकडे ज्याला आनंद झाला त्याने पाजायची. बाकीच्यांनी आधी पेला उचलायचा आणि कारण मागून विचारायचं.

"काय रे, बाप होणार वाटतं?" गोलरक्षकाने डिवचलं.

"आधी पी. फुकटची आहे तर चौकशा कशाला?" मग वुकान माझ्याकडे वळला. "स्रेतेन काका, तुमचा आशीर्वाद हवा."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भलं होवो तुझं, बाळा." कुणीतरी फोटो काढला.

सकाळी तो फोटो गावभर फिरत होता. वुकानने नदीपलीकडच्या क्लबशी करार केला होता. वरच्या जागेसाठी आमची चढाओढ त्यांच्याशीच होती. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'माझ्या पहिल्या गुरूंच्या आशीर्वादाने.'

त्या दुपारी सरावाला निम्मी मुलं आलीच नाहीत. एका मुलाचे वडील कुंपणापलीकडून म्हणाले, "दलालीत तुमचा वाटा किती हो, काका?"

मुलांची गोलरक्षक दुन्या हातमोजे न घालता समोर उभी राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग प्यालात कशाला?"

मी समजावू लागलो. ती खाली बघत राहिली.

मी वुकानच्या घरी गेलो. म्हटलं, "एकदा येऊन मुलांना सांग, की मला माहीत नव्हतं."

"काका, थोडे दिवस राहू द्या ना. तुम्ही पाठीशी आहात म्हणून लोक मला घरी येऊन शिव्या देत नाहीत."

"म्हणजे आशीर्वाद त्यासाठी मागितलास?"

त्याने कॉफी पुढे सरकवली. "साखर घालू?"

मी उठून आलो.

एप्रिलमध्ये नदीपलीकडचा क्लब आमच्या मैदानावर खेळायला आला. मुलं माझ्यामागे बाकावर बसली होती. सामन्याआधी वुकान धावत आला आणि त्याने हात पुढे केला. "कसे आहात, काका?"

मी हात खिशातच ठेवले.

"काका, सगळे बघताहेत."

"बघू देत."

तो लाल झाला आणि निघून गेला. त्या दिवशी त्याने दोन गोल केले. आम्ही हरलो आणि वरची जागाही गेली.

घरी निघताना दुन्या माझ्याबरोबर चालत होती. "म्हणजे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं सरावाला आली. रविवारी ती शेजारच्या गावाशी खेळली, हरली आणि समोरच्यांशी हात न मिळवताच कपडे बदलायला गेली. त्यांना परत बोलवायला मी तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडाने सांगणार होतो?