पहिल्या दहावीचा हजेरीपट

सेलूजवळच्या त्या खासगी शाळेत रक्षा थूलने नऊ वर्षं जवळजवळ फुकट गणित शिकवलं. शाळा वासुदेवरावांच्या संस्थेची. म्हणजे अध्यक्ष ते, सचिव त्यांचे साळे आणि उरलेले सभासद सोयरे. फीमधून कसाबसा भाड्याचा आणि खडूचा खर्च निघे. शिक्षकांच्या हाती दिवाळीला काहीतरी टेकवलं जाई. "ग्रँट आली का सरकार पगार देते. तवा तुमचंच भलं हाय," हे वासुदेवरावांचं दरवर्षीचं भाषण. नऊ वेळा ते न जांभई देता ऐकणं काही खायचं काम नव्हतं.

२००१ साली ग्रँट खरंच आली. पगारासाठी पाठवलेल्या यादीत मात्र रक्षाचं नाव नव्हतं. तिच्या जागेवर वासुदेवरावांची सून सपना, नेमणूक जून १९९२. शिक्षकांचं मस्टरही नवंकोरं लिहून तयार होतं.

"घरचा मामला हाय मॅडम, समजून घ्या," वासुदेवराव म्हणाले. "तुमाले दुसरीकडे लावून देतो."

"मी नाई समजून घेत," रक्षा म्हणाली.

तिला भयंकर राग आला होता, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. वर्ध्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तिने अकरा खेटे घातले, तेव्हा कुठे सुनावणी लागली.

सुनावणीत वासुदेवरावांनी ऐटीत मस्टर पुढे केलं. सून शेजारी मान खाली घालून बसली होती. रक्षाने पिशवीतून १९९२ सालच्या दहावीचा जुना हजेरीपट काढला. तो शाळेने रद्दीत काढला होता. आपला पहिला वर्ग म्हणून तिने जपून ठेवला होता.

"साहेब, अध्यक्षांनी माझीच रुजू तारीख सुनेले लावली," ती म्हणाली. "त्या साली सून काय करत होती, ते पाह्यलंच नाई. लग्नानं नाव बदलते, पोरगी तेच राह्यते."

आणि तिने वर्गातल्याच आवाजात हजेरी घेतली, "एकवीस नंबर, सपना पुंडलिकराव ढोबळे."

सपना उठली. "बस खाली," वासुदेवराव पुटपुटले. ती बसली नाही.

"हजर, मॅडम," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "मले गणित या मॅडमनंच शिकवलं."

साहेबांनी यादी पुढ्यात ओढली आणि रक्षाला तिचं पूर्ण नाव विचारलं.