शंभर पावलांचा फोटो

कारंज्याच्या बाजारात उस्मान घडीसाजाचं दुकान होतं आणि त्यात बावीस घड्याळं चालू होती. बावीसही बरोबर चालत. पण ती बरोबर चालतात की नाही हे पाहायला दिवसभरात कोणी फिरकत नसे. गावाला जिनिंग कारखान्याचा भोंगा पुरायचा. भोंगा वाजला की लोक उठत, पुन्हा वाजला की घरी जात. मधल्या वेळेत किती वाजले याची चौकशी करणारा माणूस एकतर पाहुणा असायचा, नाहीतर आजारी.

उस्मानचं लग्न झालेलं नव्हतं. सकाळी तो बावीस किल्ल्या फिरवायचा, दुपारी डोळ्याला भिंग लावून बसायचा. रक्ताचं माणूस म्हणाल तर एकच, थोरला भाऊ युसूफ. तो शिंपीकाम करायचा, त्याच बाजारात. दोघांत नऊ वर्षांपासून शंभर पावलांचं अंतर होतं. ही बोलायची रीत नाही. खरोखर शंभर पावलं, मोजलेली.

झालं असं की त्यांची आई ताजबी रिठदला तिच्या भावाकडे वारली. उस्मान आधीच तिथं होता. युसूफला निरोप मिळाला, त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मोटरीला वेळ आहे म्हणून पाणी प्याला, टोपी शोधली. अड्ड्यावर गेला तर मोटर नुकतीच गेलेली, धूळसुद्धा अजून खाली बसली नव्हती. बैलगाडीनं तो रिठदला पोचला तेव्हा लोक कबरीवरची माती सारखी करत होते. ते घड्याळ आठच दिवसांपूर्वी उस्माननं दुरुस्त करून दिलं होतं.

परत आल्यावर मशिदीच्या पायरीवर युसूफ म्हणाला, घड्याळ चार मिनिटं मागं होतं. उस्मान म्हणाला, घड्याळ बरोबर आहे, माणूस मागं आहे. तिथून पुढं जे झालं त्यात दोघांनी एकमेकांच्या आईचा उद्धार केला नाही, कारण ती एकच होती. बाकी काही ठेवलं नाही. शेवटी युसूफ म्हणाला, याचं तोंड मला शंभर पावलांच्या आत दिसता कामा नये. उस्मान म्हणाला, कबूल. पेशइमाम बिचारे मिटवायला आले होते, पण हिशेबी माणूस. त्यांच्या तोंडून निघून गेलं, पावलं कोणाची? कारण युसूफ ताडासारखा आणि उस्मान बेताचा. मग कापूसबाजारातला मापारी पुंजाजी याला बोलावलं आणि त्याची पावलं धरायचं ठरलं, कारण मापाच्या कामात त्याच्यावर गावाचा विश्वास होता.

त्याच संध्याकाळी युसूफनं ते घड्याळ एका पोऱ्याच्या हाती परत पाठवलं. उस्माननं ते उघडून पाहिलं. चार मिनिटं मागं नव्हतं. सहा मिनिटं होतं. त्यानं ते बंद केलं, भिंतीवर टांगलं आणि याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही.

नऊ वर्षं करार तंतोतंत पाळला गेला. जुम्म्याला एक भाऊ मोठ्या मशिदीत, दुसरा लहान मशिदीत. बाजारात युसूफ दिसला की पुंजाजी काटा सोडून ओरडायचा, "उस्मान, सरक." उस्मान सरकायचा. कधी युसूफच आधी पाहायचा आणि तो मागं व्हायचा. भर बाजारात दोन शहाणी माणसं एकमेकांना पाहून उलट्या पावलांनी चालताहेत, याचं परगावच्या लोकांना नवल वाटायचं, कारंज्याला नाही. ईदेला युसूफची बायको, शहजादी भाभी, शीरखुर्म्याचं भांडं पाठवायची. ते दोन दुकानांमधल्या, पन्नासाव्या पावलावरच्या लिंबाखाली ठेवलं जायचं आणि तिथून पुंजाजी ते उस्मानला आणून द्यायचा. वाटेत थोडं कमी व्हायचं, पण मापाऱ्याला कोण विचारणार.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन तीन वर्षं झाली तेव्हा पुंजाजीनं दुकानात येऊन सांगितलं की युसूफनं पलटणीत शिंपी म्हणून नाव दिलंय आणि पुढच्या बेस्तरवारच्या गाडीनं तो जातोय. आधी मुंबईला, मग आगबोटीनं बसऱ्याला.

उस्मान किल्ली फिरवत राहिला. फिरवता फिरवता त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला भावाचा चेहरा आठवत नाही. चाल आठवत होती, खांदे आठवत होते, खोकला तर शंभर पावलांवरूनही ओळखू यायचा. पण चेहऱ्याच्या जागी गव्हाच्या रंगाचा एक ठिपका होता. त्यानं पुंजाजीला विचारलं, युसूफभाईची मिशी पिकली का?

पुंजाजीनं विचार केला. "मिशी हाये," तो म्हणाला.

"हाये ते मले मालूम हाये. काळी का पांढरी?"

"सख्ख्या भावाची मिशी मापाऱ्याले विचारून राह्यला तू," पुंजाजी म्हणाला. "मी कापूस पाह्यतो. मिशा नाई पाह्यत."

तेव्हाच उस्माननं ठरवलं, जाण्याआधी युसूफचा एक फोटो काढायचा. शंभर पावलांवरून, करार न मोडता, आणि मिशीचा केस न केस दिसेल असा. हातात नऊ दिवस होते.

कॅमेरा होता. जिनिंगचा एक साहेब दुरुस्तीला टाकून गेला होता, पुढं तो विलायतेला गेला, कॅमेरा फडताळात राहिला, आतल्या पाच फोटोंच्या फिल्मसकट. त्याच्या भिंगाला बुरशी लागली होती. पण बाकी यंत्र घड्याळासारखं. त्याला एक लहान खिडकी होती. तिच्यातून पाहिलं की माणूस दोनदा दिसायचा, एक खरा आणि एक त्याच्या बाजूला पुसट. भिंगाचं कडं फिरवत गेलं की पुसट माणूस सरकत सरकत खऱ्यात जाऊन मिसळायचा. दोनाचा एक झाला की समजायचं, फोटो साफ येणार.

दूरचं पाहणारं भिंग मिळालं फिरत्या फोटोवाल्या बाबूलालकडून. त्याच्या पेटीकॅमेऱ्याचा भाता उंदरांनी खाल्ला होता, भिंग तेवढं त्यांना पचलं नव्हतं. उस्माननं तीन बोटं लांब पितळी नळी केली, एका टोकाला बाबूलालचं भिंग बसवलं आणि दुसरं टोक साहेबाच्या भिंगाच्या जुन्या कड्यात घातलं. एक खोट होती. कडं एका भिंगासाठी केलेलं, भिंग दुसरंच. त्यामुळं जवळची माणसं या कॅमेऱ्यात कधीच जुळणार नव्हती. खिडकीत जुळतील, फिल्मवर नाही. जुळलंच तर फक्त दूरचं, कडं जिथं फिरायचं थांबतं तिथलं. तिथं इंग्रजी आठाचा आकडा आडवा पडलेला होता.

"हा काहून झोपला?" पुंजाजीनं विचारलं.

उस्माननं सांगितलं की ती अनंताची खूण आहे. तिच्या पुढं अंतर मोजायचं नसतं. शंभर पावलं काय नि चंद्र काय, या भिंगाला सारखंच.

मोजायचं नसतं ही गोष्ट मापाऱ्याला आवडण्यासारखी नव्हती.

परीक्षेसाठी माणूस हवा होता. नऊ दिवस उन्हात हलल्याशिवाय उभं राहील असं माणूस कारंज्यात नव्हतं, म्हणून उकंडरावच्या वावरातलं बुजगावणं घेतलं. मडक्याच्या डोक्याला चुन्यानं डोळे काढले, कोळशानं मिशी काढली. शहजादी भाभीनं युसूफचा जुना काळा कोट पाठवला. कशासाठी ते तिनं विचारलं नाही. बुजगावणं इतकं हुबेहूब झालं की पाखरं त्याच्या खांद्यावर येऊन बसली, पण उस्मानचा पाय काही पुढं पडेना. वाऱ्यानं मडकं वाकडं झालं तर सरळ करायला पुंजाजीला पाठवावं लागायचं.

पहिला फोटो काढला. खिडकीत दोनाचं एक झालं होतं, अगदी चोख. फिल्म धुऊन पाहिली तर मिशीच्या जागी नुसता फिसकटलेला डाग. चाळीस पावलांवरची ज्वारी मात्र अशी आली होती की दाणे मोजावेत. पुंजाजीनं ज्वारीची तारीफ केली. उस्माननं नळी काढून हातात घेतली. खिडकी खोटं बोलत नव्हती, ती आपल्यापुरतं बोलत होती. भिंगाचं म्हणणं तिला ठाऊकच नव्हतं. नळी लांब झाली होती. किती, तर केसाएवढी.

त्यानं नळी घासली. दुसऱ्या फोटोत ज्वारीही गेली आणि मिशीही. सगळंच धूसर.

"आता जास्त घासल्या गेलं," उस्मान म्हणाला. "अनंताच्याही पुढं गेलं."

"तिथं काय हाये?"

"काईच नाई."

"मंग तेच साफ आलं असन," पुंजाजी म्हणाला.

फिल्मचे तीनच फोटो उरले होते. बाबूलालकडेही फिल्म नव्हती; लढाईनं ती कापडासारखीच गायब केली होती. उस्मान दोन दिवस दुकानात बसून राहिला. बावीस घड्याळं चालू होती. जगात सगळ्यात बारीक काम आपण करतो अशी त्याची समजूत होती, आणि हे त्या कामाच्याही आतलं बारीक निघालं. भिंतीवरच्या तेविसाव्या, बंद घड्याळाकडे तो पाहत नव्हता. न पाहण्याची त्याला नऊ वर्षांची सवय होती, तरी त्या दोन दिवसांत ती फार जड गेली.

तिसऱ्या दिवशी त्यानं खिडकीच्या काचेचा तुकडा वाळूवर घासून दुधी केला, अंधारात फिल्म बाहेर काढून ठेवली, कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढून तिच्या जागी तो बसवला आणि डोळ्याच्या भिंगानं पाहिलं. दुधी काचेवर बुजगावणं उलटं लटकत होतं. हे आधी सुचलं असतं तर दोन फोटो वाचले असते. मग त्यानं पतंगाचा कागद आणला, त्याच्या नखाएवढ्या रुंदीच्या, मधून पोकळ अशा गोल चकत्या कापल्या आणि नळी नि कडं यांच्या मध्ये घातल्या. एका चकतीनं मिशीचा अंदाज आला. दोन चकत्यांनी मिशीचे दोन भाग झाले. तिसऱ्या चकतीला मडक्याच्या गळ्याची चीर दिसली, जी जवळ उभ्या असलेल्या पुंजाजीलाही दिसली नव्हती. खिडकीतही एक, काचेवरही एक. पतंगाचा कागद तांबडा होता. दुसऱ्या रंगाचा ठेवून पाहायची उस्मानला हिंमत झाली नाही.

निरोप पुंजाजीनं नेला. उत्तरही त्यानंच आणलं. युसूफ म्हणाला होता, काढू दे. पण शंभरावरूनच.

बेस्तरवारी दुपारी उस्मान टेशनावर गेला. कारंज्याचा फलाट पुंजाजीच्या पावलांनी त्रेसष्ट भरला. उरलेली सदतीस पावलं मालधक्क्याकडे जात होती आणि शंभरावं पाऊल कापसाच्या गठाणीवर पडत होतं. उस्मान गठाणीवर चढून उभा राहिला. पलीकडच्या टोकाला, शेवटच्या डब्यापाशी, युसूफ ट्रंक खाली ठेवून उभा राहिला. फलाटावरच्या लिंबाखाली, बरोबर मधे, पुंजाजी हात वर करून थांबला, काटा स्थिर झाल्यावर थांबतो तसा.

खिडकीत दोन युसूफ होते. कडं आडव्या आठापाशी टेकलं तसा पुसट युसूफ आला आणि खऱ्यात मिसळला. उस्माननं खटका दाबला आणि नेमका त्याच वेळी एक माणूस डोक्यावर खाट घेऊन मधून गेला. दुसऱ्या खटक्याला इंजिनानं वाफ सोडली. पुंजाजीनं इंजिनाला शिवी दिली. वाफ विरली, युसूफ तिथंच होता, शिट्टी झाली. उस्माननं श्वास धरला आणि तिसरा फोटो काढला. मग युसूफ ट्रंक उचलून डब्यात शिरला आणि गाडी हलली. डब्याच्या दारात तो पुन्हा आला की नाही, हे उस्मानला दिसलं नाही. तो गठाणीवरून उतरत होता, आणि गठाण उंच होती.

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यानं फिल्म धुतली, वाळवली, उजेडात धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. वीस वर्षांत इतकं साफ काम त्याच्या हातून झालं नव्हतं. गठाणींची शिवण दिसत होती. लिंबाची पानं वेगवेगळी दिसत होती. युसूफ उभा होता, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, आणि त्या अर्ध्या दाण्यात डोळे होते, आईचं नाक होतं आणि मिशी होती. मिशी काळीभोर होती. फिल्मवर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं, सगळं उलटं असतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं, तरी पांढरी म्हणायला त्याला थोडा वेळ लागला.

मग त्याला पाय दिसला. अख्ख्या फोटोत तेवढाच अस्पष्ट होता. डावा पाय जमिनीवर, बुटाच्या नाडीसकट. उजवा उचललेला, हललेला, धुरासारखा.

त्यानं पुंजाजीला बोलावलं आणि विचारलं, शेवटच्या फोटोच्या वेळी युसूफभाई पुढं येत होते का मागं जात होते?

"मले काय मालूम," पुंजाजी म्हणाला. "मी तर तुह्याकडे पाहून राह्यलो होतो. तू पडशीन म्हून."

"लोकं होते तिथं. कोणी तं पाह्यलं असन."

"उस्मान, गाडी सुटून राह्यली होती. लोकं गाडी पाह्यतीन का पाय?"

पुंजाजी गेल्यावर उस्मान आरशासमोर उभा राहिला. उजवा पाय उचलून पुढं टाकला. पुन्हा उचलून मागं टाकला. उचललेला पाय दोन्ही वेळा सारखाच दिसला. माणूस मागं जातानाही आधी पाय उचलतोच, आणि नऊ वर्षांत मागं जाण्याची सवय दोघांनाही सारखीच झालेली. तो बराच वेळ पुढं-मागं करत राहिला. घड्याळ घ्यायला आलेली सोजरबाई दारात थांबली, तिनं पाहिलं आणि उद्या येते म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भाभीकडून पलटणीचा पत्ता आला. उस्माननं कार्ड घेतलं आणि पुंजाजीला विचारलं, पत्र करारात बसतं का? पुंजाजीनं डोळे मिटून बसऱ्यापर्यंतची पावलं मनात मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "लिव," तो म्हणाला.

उस्माननं लिहिलं, भाईसाहेब, फोटो साफ आला आहे. उजवा पाय उचललेला आहे. पुढं टाकत होता का मागं, तेवढं कळवा. मग खाली कार्डाची निम्मी जागा कोरी उरली. तिच्याकडे तो टाकावरची शाई वाळेपर्यंत पाहत राहिला, आणि मग तिथं सहा मिनिटांची हकिकत लिहिली. ती दोनच ओळींत मावली. अजूनही जागा उरली.

पोस्टाची पेटी डाकवाला नुकतीच रिकामी करून गेला होता. कार्ड आत पडलं ते थेट पत्र्यावर, आणि एवढ्याशा कार्डाचा केवढा तरी आवाज झाला.