घरजावयाची हवा

बापूसो मगदुमांनी उभा जन्म ओलीशी वैर केलं. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, ओल लागली की रवा पाघळतो आणि रवा पाघळला की व्यापारी रडतो. घरातल्या भिंतीला साधा पोपडा दिसला तरी बापूसोंना घास गोड लागत नसे. अशा माणसाच्या सोप्यात नातीनं काचेची टाकी आणून ठेवली आणि सांगितलं, "आज्जा, ह्यात कायम ओल राहिली पायजे." दैवाला चेष्टा सुचते ती ही अशी.

टाकीत ओली वाळू, चार रिकामे शंख आणि पाचव्या शंखात एक खेकडा. दुसऱ्यानं टाकलेल्या घरात संसार मांडणारा हा प्राणी बघून बापूसोंच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, त्याचं नाव तिथल्या तिथं घरजावई ठेवलं. नात प्रियदर्शनी पहिल्या नोकरीसाठी पुण्याला निघाली होती आणि तिच्या हॉस्टेलात असल्या जावयांना मज्जाव होता.

जाताना तिनं दोन पथ्यं सांगितली. टाकीतल्या ओल मोजायच्या यंत्राचा काटा ऐंशीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण हा गडी कल्ल्यांनी श्वास घेतो आणि हवा कोरडी झाली की गुदमरतो. दुसरं, तो कात टाकायला वाळूखाली गेला तर आपणहून वर येईपर्यंत उकरायचं नाही. मधेच उकरला तर मेलाच म्हणून समजा.

"किती दिस लागतील?"

"त्याचं तो ठरवंल, आज्जा. महिना लागंल न्हायतर दोन."

पहिलं पथ्य कष्टाचं होतं, पण दुसरं बापूसोंच्या स्वभावावरच घाला होता. सौद्यात रवा फोडून आतला रंग बघितल्याशिवाय त्यांनी कधी बोली लावली नव्हती. कलिंगड कापून, नारळ कानाशी हलवून आणि सून तिच्या गावात चार घरी चौकशी करून आणलेली. नात पुण्याला गेल्यावर तिला रोज सकाळ-संध्याकाळ फोन. ती "जेवलो" म्हणाली तरी खात्रीसाठी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन. मैत्रीण हल्ली उचलत नव्हती.

थोड्याच दिवसांत घरजावई वाळूखाली गेला, आणि नेमका तेव्हाच काटा घसरायला लागला.

सकाळी बापूसो गाळून, उकळून गार केलेलं पाणी फवारायचे. काटा ऐंशीच्या वर. दुपारी बघावं तर साठावर. चैत्रातली हवा कोरडी हे खरं, पण इतकी? त्यांनी यंत्राला शिव्या दिल्या, ते विकणाऱ्याला दिल्या. काचेच्या फटींना चिकटपट्टी लावली. शेवटी ज्या माणसानं गोदामात ओला टॉवेल येऊ दिला नव्हता, तो टाकीभोवती स्वतःची ओली धोतरं वाळत घालू लागला. पेढीवरच्या हमालांनी बघितलं असतं तर हसून पोती टाकली असती.

एका दुपारी ते डोळे मिटून नुसतेच पडले होते. प्रभावतीबाई पाऊल न वाजवता आल्या, टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पदरानं वारा घालू लागल्या.

"काय करतीयास?" बापूसो उठून बसले.

"वारा घालतोय की. मुक्या जिवाला काचंत कोंडून घालतासा, पाप लागंल. रोज जरा मोकळं करतोय त्येला."

"अगं, त्येचं उलटं हाय. उघडलं की गुदमरतोय त्यो. झाकलं की जगतोय."

प्रभावतीबाईंनी विचार केला. "कोंडलं की जगतोय? मग घरजावईच खरा ह्यो." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच मारला व्हय त्येला?"

आयुष्यभर मुंगी वाचवून केर काढलेली बाई ती. त्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही. "एकदा उकरून बघा," एवढंच म्हणत राहिली. "जिता हाय का न्हाय, तेवढं कळू दे मला."

बापूसोंनी स्वयंपाकघरातून चमचा आणला. तिच्याइतकीच त्यांनाही घाई होती, किंबहुना जास्तच. चमचा वाळूला टेकला आणि हात थांबला. रवा फोडला तर एक तुकडा जातो, रवा राहतो. इथं बघितलं तर बघायलाच काही उरणार नव्हतं. बापूसोंनी चमचा परत नेऊन ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले. "ही बोली न बघता लावायची."

मग दोघांनी मिळून ओल सांभाळली. प्रभावतीबाई झाकणावर ओलं फडकं टाकू लागल्या आणि आल्यागेल्याला टाकीपासून चार हात लांब बसवू लागल्या. टाकीमागच्या भिंतीला पोपडा धरला. बापूसोंनी तो बघितला आणि पुन्हा पाणी फवारायला घेतलं. वाळू मात्र हलत नव्हती, आणि रोज सकाळी दोघं एकमेकांच्या तोंडाकडं न बघता टाकीकडं बघायची.

शेवटी एका सकाळी जुना शंख रिकामा दिसला. शेजारच्या मोठ्या शंखातून गुलाबी, कोवळे पाय बाहेर आले होते आणि जावईबापू सावकाश खोबऱ्याच्या तुकड्याकडं निघाले होते. प्रभावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बापूसोंना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते पेढीवर गेलेच नाहीत.

संध्याकाळी फोनची वेळ झाली. बापूसोंनी फोन हातात घेतला, टाकीकडं बघितलं आणि फोन खाली ठेवला.

"आज पोरीला फोन न्हाय?" बायकोनं विचारलं.

"करंल की ती, सवड झाल्यावर."

जेवणं उरकताहेत तोच दार वाजलं. शेजारचा कृष्णात धापा टाकत उभा होता.

"प्रियाचा फोन आलता. आज्जाचा फोन न्हाय आला, आधी जाऊन बघून ये म्हणली. बरं हायसा न्हवं?"

बापूसोंनी त्याला आत घेतलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवला.

"सांग तिला, आज्जा जिता हाय," ते म्हणाले. "पर पुन्यांदा उकरू नगंस म्हणावं."